मायच्या दोरीची शेवटची गाठ

आमच्या गावात बाई मेली की तिच्याशी सगळ्यात शेवटी कोण बोलणार हे ठरलेलं असे. नवऱ्याचं, मुलींचं, फादरांचं सगळं बोलून झालं की माय दार लावून घ्यायची.

माय कुणाची सख्खी माय नव्हती. तिला मूल झालं नाही आणि नवरा तरुणपणीच होडीसकट गेला. उत्तनच्या किनाऱ्यावर, आमच्या घरापासून चार घरं सोडून, तिचं कुडाचं घर होतं. सगळं गाव तिला माय म्हणे, म्हणून मीही म्हणायची. तिचं बाप्तिस्म्याचं नाव मला तिच्या दफनाच्या दिवशी कळलं. फादरांनी ते लॅटिन प्रार्थनेत उच्चारलं आणि मला ते इतकं परकं वाटलं की ते मी इथे लिहीत नाही.

बाई गेली की तिला न्हाऊ घालणं, लुगडं नेसवणं, केस विंचरणं आणि हातात रोझरीची माळ देणं हे मायचं काम. ते तिला कुणी दिलं, कधीपासून दिलं, मला माहीत नाही. पुरुषांचं पुरुष बघत. बायकांच्या वेळी मात्र ती यायची, कंबरेला पदर खोचायची आणि खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढायची.

“चला, बाहेर जावा. तिला लाज वाटतेय.”

मग आतून तिचं बोलणं ऐकू यायचं. कुडाची भिंत, त्यातून किती लपणार? आम्ही मुली मुद्दाम भिंतीला टेकून बसायचो. “हात सरळ कर गो. जितेपणी कदी सरळ वागली न्हायस, आता तरी वाग.” मग पाणी ओतल्याचा आवाज. “थंड हाय? असू दे. नवऱ्यानं लाकडं फोडून ठेवली न्हायत, मी काय करू?” मला तेव्हा भीती वाटायची आणि हसूही यायचं. कुणी रडत असेल तर तीही भिंतीपलीकडचं ऐकून मध्येच हसायची आणि मग अधिकच रडायची.

हे सगळं झालं की आवाज बंद व्हायचा. त्या शांततेत ती निरोप सांगत असे.

निरोपाचं मला समजावून सांगता येईल की नाही, शंका आहे. कॉलेजात एकदा मैत्रिणीला सांगायला गेले तर ती म्हणाली, “म्हणजे तुमच्यात पोस्ट असते मेलेल्यांची?” आणि मी विषय बदलला. पण खरं म्हणजे तसंच होतं ते. गावातल्या कुणाला आपल्या मेलेल्या माणसाला काही कळवायचं असेल तर ते मायकडे जायचं. तिच्या कानात सांगायचं. कुणाचं मुलीचं लग्न ठरलेलं असे, कुणी विहीर खणलेली, कुणाला नुसतीच क्षमा मागायची असे. माय तो निरोप पुढे जी बाई मरेल तिच्या कानात घालायची. ती बाई तिकडे जाऊन सांगणार, असा हिशेब.

मायला लिहिता येत नव्हतं. तिच्याकडे जाळ्याच्या सुतळीचा दोन हात लांब तुकडा होता, मेण लावून काळा झालेला. एका निरोपाला एक गाठ. कुठली गाठ कुणाची हे तिचं तिला माहीत. दोरी तिच्या कमरेला, लुगड्याच्या आत असे. निरोप सांगून झाला की ती गाठ सोडायची आणि निरोप विसरून जायची. हा तिचा नियम होता आणि तो ती फार कडक पाळायची.

“सांगितलेला निरोप ठेवायचा न्हाय,” ती म्हणायची. “पोटात कुजतो.”

कुणाचा निरोप काय होता हे तिनं जिवंत माणसाला कधी सांगितलं नाही. रुजाय, म्हणजे तिच्या शेजारची, जिच्या तोंडाला गावात कुणी लागत नसे, तिनं एकदा विचारलंच. “माय, माज्या सासूला माज्या नवऱ्यानं काय कळवलं गो?”

“तुझं नाव न्हाय त्यात,” माय म्हणाली. रुजाय त्या गोष्टीवरून आठवडाभर नाराज होती. नाव का नाही म्हणून.

एक नवीन फादर आले तेव्हा त्यांनी प्रवचनात हा विषय काढला. मेलेल्यांच्या कानात बोलणं हा अज्ञानीपणा आहे, आत्म्यासाठी प्रार्थना करावी, असं ते म्हणाले. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. ते सगळं देऊळ मायकडे बघायला लागलं. माय शांत बसून होती, कारण तिला ते ऐकूच आलं नव्हतं. तिचा डावा कान पूर्ण गेलेला होता. लहानपणी समुद्रात बुडताना वाचली तेव्हा त्यात पाणी शिरलं ते अजून निघालेलं नाही, असं ती सांगे, आणि ओहोटीच्या वेळी जरा बरं ऐकू येतं असंही सांगे. डाव्या बाजूनं हाक मारली तर ती पुढे निघून जायची. नवख्या माणसाला वाटे, म्हातारी गर्विष्ठ आहे. देवळात ती अशी जागा धरायची की वेदी उजव्या कानाला येईल. त्या दिवशी तिची जागा दुसऱ्या कुणी घेतली होती.

मिस्साची प्रार्थना संपल्यावर रुजायनं तिला सगळं सांगितलं, बहुधा थोडं वाढवून. माय तशीच परत फिरली. फादर अजून पायरीवर उभे होते.

“फादर, आपण संतांना सांगतो ते आयकतात ना?”

“ऐकतात.”

“ते बी मेलेलेच ना?”

फादर पायरी चढून आत गेले. नंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण गाठभेट झाली की ते मायला जरा जास्त गंभीरपणे “कशी आहेस?” विचारायचे आणि माय उजवा कान पुढे करून म्हणायची, “अजून हाय.”

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत कापड मिळेनासं झालं. मायच्या पेटीत एक कोरं लुगडं होतं, लाल काठाचं, स्वतःच्या शेवटच्या दिवसासाठी ठेवलेलं. दर वर्षी पावसाळा संपला की ती ते बोंबील वाळवायच्या दोरीवर ऊन दाखवायला टाकायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, “माजं मरण ऊन खातंय.” भाईंदरच्या मिठागरावर कामाला जाणारी आमच्या गावची एक बाई त्या दिवसांत गेली. तिच्या अंगावर घालायला घरात एक धड वस्त्र नव्हतं. मायनं पेटी उघडली आणि तिला ते लाल काठाचं लुगडं नेसवलं. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर तिची दोरी रिकामीच राहिली. तिनं दुसरं घेतलं नाही. घ्यायला मिळतही नव्हतं.

मी लहानपणी तिच्या दोरीवर बोंबील अडकवायला जायची. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. बाबा समुद्रावर असले की मी दिवसभर मायच्या अंगणात. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. मी डावरी. माझ्या हातून जबडे उलटे अडकत. बाकीच्या बायका हसत. माय माझ्या जोड्यांकडे बघून एकदा म्हणाली, “तुझ्या आयच्या जोड्या बी अशाच असायच्या. लांबून वळखू यायच्या.” मला आईचा चेहरा नीट आठवत नाही. पण तिच्या जोड्या उलट्या असत हे मला तेव्हापासून माहीत आहे.

डाव्या हाताचं निघालं म्हणून एक गोष्ट सांगते. मी सात वर्षांची असताना शाळेत मास्तरांनी माझा डावा हात सुतळीनं बाकाला बांधला. उजव्यानं लिहायची सवय व्हावी म्हणून. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्या काळी सगळे तसंच करत. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा वर्गात आले. सरळ होडीवरून आलेले, पायाला वाळू, लंगोटीवर सदरा चढवलेला. त्यांनी काही न बोलता सुतळी सोडली, घडी करून मास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “असू द्या, मास्तर.” मग शाळा सुटेपर्यंत दाराशी बसून राहिले. बाबा फार बोलत नाहीत. ते का आले, त्यांना कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची रीत नव्हती. आईबद्दल तर नव्हतीच. तिचं नाव निघालं की बाबा उठून जाळं बघायला जात, जाळं धड असलं तरी.

अकरा वर्षांनी त्याच हातानं मी मुंबईला इंटरच्या वर्गात टिपणं लिहीत होते. आमच्या गावातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी, आणि आमच्या घरातून शाळा पूर्ण केलेलंही पहिलंच माणूस. नन्सच्या वसतिगृहात राहायचे. सुट्टीत घरी आले की माझी भाषा बदललेली असे आणि मला ते ऐकू येई. ‘न्हाय’ म्हणायला जीभ अडखळे, ‘नाही’ म्हटलं तर रुजाय म्हणे, “आली बाय बुकातली.”

त्या वर्षी मे महिन्यात, होड्या वर ओढायच्या दिवसांत, मायनं मला बोलावून घेतलं. ती फार वाळली होती. खाटेवर बसली होती, आणि मी डाव्या बाजूला बसले म्हणून मला उठवून उजव्या बाजूला बसवलं. मग कमरेची दोरी काढली. तिच्यावर एकच गाठ होती.

“ही तुझ्या बापसाची,” ती म्हणाली. “तुझ्या आयला धाडलेला निरोप.”

“बाबांनी निरोप दिला होता?” मला खरंच वाटेना.

“तू सात वरसांची होतीस. त्याच पावसात तुमच्या वाळवणाशेजारची मोनी मेली. तिच्या कानात घातला मी. गाठ सोडली.” तिनं खाटेवर पाय वर घेतले. “आता मोनीची पोर काय सांगते, तिची आय आणि तुझी आय शेवटची दोन वरसं बोलत नव्हत्या. वाळवणाच्या जागेवरून. देवळात हसायच्या आणि घरी आल्यावर तोंड फिरवायच्या. सगळ्या गावाची भांडणं मला ठाव, आणि ह्ये कसं न्हाय ठाव?”

तिनं गाठ अंगठ्यानं दाबली.

“मोनी अशी. तिनं तिकडं जाऊन सांगितला असंल? मुळीच न्हाय. अकरा वरसं तुझी आय बसलीय तशीच, काय कळल्याबिगर. म्हणून गाठ परत मारली. मीच घेऊन जाते आता. माजं काय ऱ्हायलंय?”

“मग झालं तर,” मी म्हणाले. म्हातारीचं मन राखावं म्हणून.

“झालं कुठं? निरोप काय होता त्ये विसरले ना मी. सांगितलेला ठेवायचा न्हाय.” तिनं माझा हात धरला. डावा. “मी गेले का बापसाला विचार आणि माज्या कानात सांग. आता नको, आता मी परत विसरेन. गेल्यावर सांग. आणि ह्या कानात, त्या न्हाय. त्यानं जितेपणी आयकू येत न्हाय, मेल्यावर कुठून यायचं?”

मी हसले. त्या वर्षी आम्हाला तर्कशास्त्र होतं. मी म्हणाले, आणि हे मला अजून टोचतं, “माय, मेलेल्या माणसाला ऐकू येत नाही.”

तिला राग आला नाही. “जित्यांना तरी कुठं येतंय?” म्हणाली. “तू बापसाला कदी काय विचारलंस?”

मी हो म्हणून आले. पण बाबांना विचारलं नाही. सुट्टीत बरेच दिवस होते, मी रोज उद्यावर टाकत गेले. जून उजाडला आणि मी भाईंदरला गाडी धरायला निघाले. बाबा माझी पेटी डोक्यावर घेऊन राई गावापर्यंत आले. सगळ्या रस्त्यात आम्ही दोघंच होतो. तिथेही विचारलं नाही.

नाताळच्या सुट्टीत घरी आले तेव्हा माय अंथरुणाला खिळली होती, कुणाला ओळखत नव्हती. नाताळनंतर चौथ्या दिवशी सकाळी, होड्या अजून यायच्या होत्या, तेव्हा देवळाची घंटा पडायला लागली. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. घंटा ऐकून गावातल्या बायका नेहमी एकमेकींना विचारत, “मायला कळवलं?” त्या दिवशीही आमच्या शेजारणीनं दारातून तेच विचारलं आणि मग तोंडावर हात ठेवला.

मायला न्हाऊ कोण घालणार हे कुणालाच माहीत नव्हतं. तिनं ते काम कुणाला शिकवलं नव्हतं, खोलीत कुणाला घेतलंच नव्हतं. शेवटी रुजाय पुढे झाली, आणखी दोघी आल्या, आणि रुजायनं मला हाक मारली. “तू तिची. ये.” मी पाणी ओतलं. मायसारखं बोलावं असं सगळ्यांनाच वाटत असावं, पण कुणाला काही सुचेना. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मग रुजायच म्हणाली, “थंड हाय का गो माय?” आणि रडू लागली. रुजायला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

पेटीत कडुनिंबाच्या वाळल्या पानांखेरीज काही नव्हतं. रोजचंच लुगडं धुऊन, निखाऱ्यावर धरून वाळवलं आणि नेसवलं. त्याचा बोंबलाचा वास गेला नव्हता. मी रुजायकडे बघितलं. “असू दे,” ती म्हणाली. “न्हायतर तिकडं तिला कोण वळखणार?”

दोरी तिच्या कमरेलाच होती. एकच गाठ. रुजायनं दोरी काढून माझ्या हातात दिली. “कुणाची असंल?”

“आमची,” मी म्हणाले आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

बाबा होडीवरून आले होते. मायच्या परसात, पुरुष उभे राहत तिथून जरा बाजूला, भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्यासमोर गेले. सात महिने जे शब्द मी जुळवत होते ते सगळे पळाले. मी दोरी दाखवली.

“बाबा, तुमचा निरोप आईला पोचला नाही. मायनं तो मोनीबरोबर पाठवला होता.”

त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं. “मोनीसंगं?”

“हो.”

“त्या दोघींचं तर बोलणं नव्हतं.”

“मायला माहीत नव्हतं.”

बाबांना ते माहीत होतं आणि मायला नव्हतं. कुणाबरोबर पाठवला हे त्यांनी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. अकरा वर्षं ते, पोचला, असं धरून होते. मला वाटलं आता ते उठून जाळं बघायला जातील. ते गेले नाहीत.

“तुझ्या आयचा हात तिच्या बापसानं बांधलेला,” ते म्हणाले. “लहानपणी. डाव्या हातानं जेवते म्हणून. बांधून भागलं न्हाय तवा चुलीतलं लाकूड लावलेलं. मनगटावर डाग होता, तुला आठवत नसंल. जाताना माज्याकडनं एकच मागून घेतलं तिनं. पोरीचा हात बांधू देऊ नका.” त्यांनी पायानं वाळू सारली. “त्या दिवशी शाळेतनं आलो तो तसाच मायकडं गेलो. तिला सांग म्हटलं, हात बांधला होता, मी सोडवून आलो. परत कोण बांधणार न्हाय. एवढंच.”

मी माझ्या हाताकडे बघितलं. मधल्या बोटावर शाईचा डाग होता, तो कधी जातच नाही.

“हेच सांगू?”

“हेच. आणि...” त्यांनी माझ्या बोटावरच्या डागाकडे बघितलं. “आता त्याच हातानं कॉलेजात लिवते म्हणून सांग.”

मी आत आले तेव्हा खोली बायकांनी भरली होती. ओळ लागली होती, दारापासून अंगणापर्यंत. मी गेले तेवढ्या वेळात सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं होतं की आता निरोप नेणारी दुसरी कुणी नाही आणि माय स्वतःच निघाली आहे. ज्या बायका कधी मायकडे गेल्या नव्हत्या त्याही आल्या होत्या. एक एक जण पुढे होऊन वाकत होती, मायच्या कानात काही सांगत होती, कपाळाला हात लावून मागे सरत होती. मायला भिंतीलगतच्या बाकावर ठेवलं होतं, पाय दाराकडे करून, जसं ठेवतात तसं. तिची उजवी बाजू भिंतीला होती.

मी बघत राहिले. मला बोलायला उशीर लागतो, वर्गातही तसंच होतं. आणखी दोघी सांगून गेल्या, मग माझ्या तोंडून निघालं, “थांबा.”

सगळ्या वळल्या.

“तो डावा कान हाय.”

मग मागून कुणीतरी म्हणालं, “आग आये!” आणि ज्यांचं सांगून झालं होतं त्यांचे चेहरे एकदम उतरले. एक म्हातारी रडवेली होऊन म्हणाली, “मी इतकं सगळं सांगितलं गो. आता परत कसं सांगू?”

“बाक ओढा,” रुजाय म्हणाली. “रांजण हलवा तो आधी.”

दोघींनी रांजण सरकवला, चौघींनी बाक उचलला, मायसकट, आणि भिंतीपासून दोन हात पुढे घेतला. ती फार हलकी होती. सगळ्या उठून पुन्हा रांगेला लागल्या, पलीकडच्या बाजूनं. रांगेवरून दोघींची थोडी वादावादीही झाली.

बाहेर अंगणात फादर आले होते. काळा झगा, हातात पुस्तक, मागे शवपेटी घेऊन उभे असलेले पुरुष. “आवरलं का बायकांचं?” त्यांनी दारातून विचारलं.

“न्हाय फादर,” रुजाय आतूनच ओरडली. “मायला आयकू आलं न्हाय!”

मला वाटलं आता ते आत येतील आणि सगळं थांबवतील. पण ते म्हणाले, “बरं. बसतो मी.” कुणीतरी त्यांना ओट्यावर जागा दिली. त्यांनी पुस्तक उघडलं. मी दारातून बघितलं तेव्हा ते वाचत नव्हते.

सगळ्यात शेवटी मी राहिले. बायका आपणहून बाहेर गेल्या, रुजायनं दार लोटलं. मी वाकले. पहिलं वाक्य जे मनात आलं ते पुस्तकातलं होतं, ‘बाबांनी कळवलं आहे की’ असं काहीतरी. ते मायला कळलं नसतं आणि आईलाही नसतं. मी पुन्हा सुरुवात केली. बाबा बोलले तसंच, शब्दाला शब्द, न्हाय म्हणताना अडखळत, उजव्या कानात सांगितलं. हात बांधलेला, सोडवला, परत कोण बांधणार न्हाय. त्याच हातानं लिवते. तिला ऐकू आलं असं मी म्हणत नाही. तर्कशास्त्र मी पुढेही शिकले. पण गाठ सोडली. पाण्यानं घट्ट बसली होती, उजव्या हाताला जमेना, डाव्यानं सुटली.

देवळात फादर दोनच वाक्यं मराठीत बोलले, बाकी सगळं लॅटिन. मेलेल्यांना माती देणं हे दयेचं काम आहे, आणि या बाईनं गावातल्या इतक्या बायकांना हातानं न्हाऊ घालून पाठवलं की तिकडे तिच्या ओळखीच्या पुष्कळ आहेत, असं ते म्हणाले. पुरुषांनी पेटी उचलली. देवळामागच्या दफनभूमीत वारा होता, मेणबत्त्या राहत नव्हत्या. माती टाकताना बायकांपैकी कुणी मोठ्यानं रडलं नाही. सांगायचं सगळं सांगून झालं होतं, दोनदा.

परतताना मी आणि बाबा किनाऱ्याच्या बाजूनं निघालो. मोकळी दोरी माझ्या मुठीत होती. बाबा पुढे चालत होते. होडीजवळ आल्यावर ते थांबले, पण वळले नाहीत.

“कंच्या कानात?”

“उजव्या,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि होडीवरचं जाळं उतरवायला लागले. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघताच, त्यांनी जाळ्याचं एक टोक माझ्या डाव्या हाताच्या बाजूला टाकलं.